अकराव्याचा डिफेन्स

नववी विकेट पडली की टीव्हीसमोरची मंडळी सैलावतात. कोणी चहा ठेवायला उठतं, कोणी फोनमध्ये डोकं घालतं. मैदानावरही वेगळं काही नसतं. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे सलामीवीर स्लिपमध्ये उभे दिसतात खरे, पण मनाने त्यांनी पॅड बांधायला घेतलेले असतात, कारण डाव संपला की त्यांना जेमतेम दहा मिनिटं मिळणार. अशा वेळी अकरावा गडी बॅट काखेत मारून, ग्लोव्हजचे पट्टे चालता चालता लावत मैदानात येतो. आता काय, दोन-चार चेंडूंचा प्रश्न, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. बहुतेकदा त्यालाही ते मान्य असतं.

या माणसाचे, किंवा एकूणच तळाच्या गड्यांचे, षटकार मला फारसे आवडत नाहीत. चिडू नका. 2019 मध्ये रांचीला आपल्या विदर्भाच्या उमेश यादवने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आल्या आल्या पहिले दोन चेंडू प्रेक्षकांत भिरकावले, एकूण पाच षटकार मारले आणि 10 चेंडूंत 31 करून तो परत गेला. 2022 मध्ये एजबॅस्टनला इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या एका षटकात 35 धावा निघाल्या, त्यातल्या 29 बुमराच्या बॅटमधून. मजा आली, नाही कशाला म्हणू? पण दांडपट्टा फिरवणाऱ्याकडे गमावण्यासारखं काही नसतं. बसला तर टाळ्या, हुकला तर हसू. तोच गडी पुढचा पाय टाकून, बॅट पॅडला भिडवून चेंडू पायाशी निपचित पाडतो, तेव्हा मी सरसावून बसतो. कारण ते त्याला येत नाही, आणि येत नसताना तो ते करतोय.

येत का नाही, याचं उत्तर बरंचसं पायांत आहे. टप्पा पडताना पुढचा पाय चेंडूच्या रेषेत जायला हवा. तळाच्या फलंदाजाचा तो स्क्वेअर लेगच्या पंचाकडे निघतो. अंग चेंडूपासून लांब ठेवायची ती शरीराची स्वतःची घाई असते, तिला कोणी विचारलेलं नसतं. पाय तिकडे गेला की डोकं तिकडे कलतं, वजन टाचांवर येतं आणि बॅट मात्र हातांच्या जोरावर एकटीच चेंडूकडे जाते. बॅट आणि पॅड यांच्यात मग एवढं भगदाड पडतं की आत येणाऱ्या चेंडूला वाट विचारावी लागत नाही. चेंडू बाहेर जाणारा असेल तर कड लागते, तीही नशीब असेल तर.

दुसरी गडबड खालच्या हाताची. गोलंदाजाचे हात दणकट, त्यामुळे तो बॅटही मूठ आवळून धरतो. खालचा हात असा घट्ट असला की बचावाचा चेंडूसुद्धा उसळतो आणि अगदी जवळ उभ्या असलेल्या शॉर्ट लेगच्या ओंजळीत जातो. खालच्या हाताचा फक्त अंगठा आणि दोन बोटं मुठीवर ठेवायची, वरच्या हाताच्या कोपराने बॅट न्यायची, हा धडा शाळेतल्या पोराला पहिल्याच महिन्यात मिळतो. यॉर्करपुढे, म्हणजे थेट पायाशी टप्पा पडणाऱ्या चेंडूपुढे, नडते ती तिसरी खोड: बॅकलिफ्ट, म्हणजे बॅटची मागची उचल, गलीच्या दिशेने आणि खांद्याएवढी उंच. बॅट खाली येईपर्यंत दांडी गुल झालेली असते. त्यावर प्रशिक्षक सांगतात ते साधंच आहे: बॅट आधीच जमिनीलगत ठेव, उचल कमी घे, मागचा पाय थोडा मागे आणि ऑफ स्टंपकडे ने, आणि त्याच्या बाहेरचं सगळं सोडून दे.

सोडून देणं सगळ्यांत अवघड. आपला ऑफ स्टंप नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय चेंडू सोडता येत नाही, आणि ते कळायला सलामीवीराची उमेदीची वर्षं जातात. गोलंदाजाला ती कुठून मिळणार? नेटमध्ये आधी फलंदाज खेळतात, ताज्या खेळपट्टीवर, ताज्या गोलंदाजांसमोर. गोलंदाजांची पाळी शेवटी, स्वतः तासभर गोलंदाजी करून दमल्यावर, उखडलेल्या पट्टीवर, उतरत्या उन्हात. समोर कोणीतरी थ्रोडाउन देत असतं, म्हणजे जवळून नुसते हाताने चेंडू फेकत असतं. अशा वेळी कोणाला पाय टाकायची इच्छा होईल? चार चेंडू हाणायचे आणि पाणी प्यायचं. म्हणजे सराव होतो तो हाणण्याचाच. यातली मौज अशी की समोरचा पुढे काय टाकणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बाउन्सरनंतर यॉर्कर, तो स्वतः रोज हेच करतो. ओळखतो बरोबर, पाय मात्र जिथल्या तिथे.

दुसऱ्या टोकाला खरा फलंदाज असला की स्ट्राइकचा हिशेब सुरू होतो: जास्तीत जास्त चेंडू त्यानेच खेळायचे, अकराव्याला लपवायचं. पहिल्या तीन-चार चेंडूंना क्षेत्ररक्षक सीमारेषेवर, एक धाव फुकट देऊ केलेली. पाचव्या-सहाव्याला सगळे आत, एक धाव अडवायला. फलंदाज फुकटची धाव नाकारतो आणि अडवलेली चोरायला बघतो. ऑक्टोबर 2022 पासून नियम बदलल्यावर हे आणखी कठीण झालं. पूर्वी झेल हवेत असताना धावून टोकं बदलली तर येणारा नवा गडी नॉनस्ट्रायकरला उभा राहायचा. आता षटक संपलं नसेल, तर आल्या आल्या त्यालाच पुढचा चेंडू खेळावा लागतो.

2025 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध हा हिशेब आपण जीव मुठीत धरून पाहिला. 193 चं लक्ष्य, 112 ला आठ बाद, आणि जडेजाच्या साथीला बुमरा. बुमराने 54 चेंडूंत 5 धावा केल्या. रांची आणि एजबॅस्टन एका पारड्यात टाका, मला हे 5 चालतील. चोपन्नाव्या चेंडूवर त्याने आडवी बॅट काढली आणि झेल उडाला. तोपर्यंत जे जमत होतं ते सोडलं, एवढंच झालं. मग सिराज आला आणि त्याने 30 चेंडू काढले. शेवटचा चेंडू शोएब बशीरचा, सिराजने बॅटच्या मधोमध घेतलेला. तो खाली पडला, फिरला, मागे घरंगळला आणि बेल पडली. 22 धावांनी हार. 1999 च्या चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध असंच. सचिन 136 वर गेला तेव्हा 17 धावा हव्या होत्या. शेवटी सकलेनचा चेंडू श्रीनाथने अडवला आणि तो मागे सरपटत स्टंपवर गेला. 12 धावांनी हार.

अडवलेला चेंडू स्टंपकडे निघाला तर तो पायाने किंवा बॅटने परत ढकलायला नियमाची परवानगी आहे, फक्त बॅट न धरलेला हात लावायचा नाही. मुरलेला फलंदाज बचाव केल्यावरही चेंडूवरची नजर काढत नाही. तळाचा गडी चेंडू बॅटला लागल्याच्या आनंदात मान वर करतो, किंवा भान येईपर्यंत उशीर होतो. श्रीनाथ काही अगदीच नवशिका नव्हता. 1996 मध्ये बंगळूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने आणि कुंबळेने नवव्या विकेटसाठी नाबाद 52 जोडून सामना काढून दिला होता. तरीही.

मनिंदर सिंगचंच बघा ना. 1986 च्या चेन्नईत एक धाव हवी असताना तो पायचीत झाला, कसोटी टाय झाली आणि हा माणूस त्या एका चेंडूसाठी कायमचा लक्षात राहिला. त्याच मनिंदरने 1991-92 च्या रणजी मोसमात अजय शर्माबरोबर शेवटच्या विकेटसाठी 233 धावा जोडल्या, त्याही मुंबईविरुद्ध. हे फारसं कोणी सांगत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या मुंबईच्या दहाव्या-अकराव्या जोडीने दोन शतकं ठोकली, नाबाद 120 आणि 123, आणि भागीदारी 232 वर तुटली. मनिंदरचा रणजीतला शेवटच्या विकेटचा विक्रम एका धावेने वाचला. दहाव्या-अकराव्याने एकाच डावात शतकं करण्याचा याआधीचा एकच प्रसंग, तोही आपलाच: 1946 मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध चंदू सरवटे नाबाद 124, शुटे बॅनर्जी 121, भागीदारी 249. अर्थात सरवटे पुढे भारताकडून सलामीला गेले, त्यांना शेपटीत, म्हणजे तळाच्या फलंदाजांत, धरणं हा जरा अन्यायच.

अस्सल शेपूट म्हणजे आपला फिरकी गोलंदाज चंद्रशेखर. 58 कसोट्या, 242 बळी आणि 167 धावा. 1977-78 च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियात त्याला मधोमध भोक पाडलेली बॅट भेट मिळाली होती. न्यूझीलंडच्या ख्रिस मार्टिनने 71 कसोट्यांत 233 बळी घेतले आणि 123 धावा केल्या, म्हणजे चंद्राच्याही खाली. आता असे गोलंदाज संघात टिकत नाहीत, सगळ्यांनाच थोडी तरी फलंदाजी यावी लागते. बरंच आहे म्हणायचं.

कारण हे नुसतं हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. तळाच्या गड्याला बाउन्सर टाकायचा नाही, असा वेगवान गोलंदाजांचा एक अलिखित करार होता. तो सोयीने पाळला जायचा. 1975 मध्ये ऑकलंडला न्यूझीलंडचा इवेन चॅटफिल्ड पहिलीच कसोटी खेळत होता. शेवटची जोडी हटत नव्हती, म्हणून इंग्लंडच्या पीटर लीव्हरने चेंडू आपटला. तो ग्लोव्हला लागून कानशिलावर बसला. हेल्मेट नव्हतं. चॅटफिल्ड कोसळला, त्याचं हृदय थांबलं. इंग्लंडचा फिजिओ बर्नार्ड थॉमस धावत आला आणि खेळपट्टीवरच त्याने ते पुन्हा चालू केलं.

दहा वर्षांनी, 1985 मध्ये ड्युनेडिनला पाकिस्तानविरुद्ध न्यूझीलंडला जिंकायला 50 धावा हव्या होत्या. आठ गडी बाद, आणि लान्स केर्न्स डोक्याला चेंडू लागून जायबंदी, म्हणजे येणारी जोडी शेवटची. समोर कोवळा वसीम अक्रम, सुसाट. जेरेमी कोनीच्या साथीला आला तो चॅटफिल्डच. त्याने षटकार वगैरे काही मारले नाहीत. ते 50 दोघांनी मिळून काढले. कोनी नाबाद 111, चॅटफिल्ड नाबाद 21. त्याच्या 43 कसोट्यांतली ती सर्वोच्च धावसंख्या.