डाव्या हाताचा घास

मिरजेच्या घरी लहानपणी माझा डावा हात पानाला लागला की आजी वाढायची थांबायची. रागवायची नाही, हातात डाव धरून नुसती उभी राहायची. हात मांडीवर गेला की मगच पुढचा भात पानात पडायचा. त्या हाताला पाण्याचं भांडं उचलायची तेवढी मुभा होती. इंग्लंडमधल्या शेफील्डला येऊन मला आता सहा वर्षं झाली. इथल्या जेवणाच्या टेबलावर मला सगळ्यात जड काय गेलं असेल, तर काट्यावरचा घास डाव्या हातानं तोंडात घालणं.

बाकीचं चार दिवसांत अंगवळणी पडतं. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार प्लेटकडे वळलेली. चार-पाच जोड्या मांडलेल्या दिसल्या तरी घाबरू नका. पदार्थ येतील तसं सगळ्यात बाहेरच्या जोडीपासून सुरुवात करायची आणि आत आत यायचं. प्लेटच्या वरच्या अंगाला आडवे ठेवलेले छोटे काटा-चमचा गोडासाठी असतात. पावाची बशी आपल्या डाव्या हाताला, पाण्याचा पेला उजव्या हाताला. गोल टेबलावर एकानं जरी चुकीची बशी ओढली तरी सगळ्यांचा क्रम बिघडतो, म्हणून एवढं मात्र घट्ट लक्षात ठेवा. सूपचा चमचा आपल्यापासून पलीकडे नेत भरायचा आणि कडेनं, आवाज न करता प्यायचं.

पण आपण खरं तर कोरी पाटी घेऊन जात नाही. ज्याला 'खरकटं' आणि 'उष्टं' हे शब्द कळतात, त्याला इथले निम्मे नियम आधीच ठाऊक असतात. एकदा वापरलेली सुरी किंवा काटा पुन्हा टेबलाच्या कापडाला लागू द्यायचा नाही, मूठसुद्धा टेकवायची नाही. ते प्लेटमध्येच राहतात. सामाईक बशीतलं लोणी थेट पावाला लावायचं नाही. आधी आपल्या बशीत काढून घ्यायचं, मग पावाचा घासाएवढा तुकडा हातानं मोडून त्यालाच लावायचं. सुरीनं पाव कापायचा नाही. आपल्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे नि भाजी उजवीकडे असते, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठत नाही, मग हात वाळला तरी चालेल. इथेही सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबतात. पंगतीत वाढलेल्या मुलीला हे शिकवावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. कामाच्या ठिकाणच्या पहिल्या मोठ्या जेवणाला माझ्यासाठी मशरूमचा 'पाय' (pie), म्हणजे पिठाच्या पारीत मशरूमचं सारण भरून भाजलेला पदार्थ, आला होता. दोन घास खाल्ले, शेजारच्या बाईंनी काही विचारलं म्हणून मी काटा-सुरी शेजारी शेजारी नीट ठेवली आणि बोलू लागले. वळून बघते तर प्लेट गेलेली. वाढणाऱ्या मुलाची काही चूक नव्हती. काटा-सुरी जोडून सरळ ठेवली, म्हणजे घड्याळात साडेसहा वाजल्यासारखी, की 'माझं झालं, प्लेट उचला' असा अर्थ होतो. नुसतं थांबायचं असेल तर दोन्ही तिरपी ठेवायची, आठ वाजून वीस मिनिटं झाल्यासारखी, काट्याचे दाते खाली करून. हे इथे तोंडानं कुणी सांगत नाही. प्लेट सांगते.

ही गोष्ट मी दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना सांगितली. त्यांनी मला चहाला बसवलं आणि कपाटातून एक जोडी काढली. शेफील्ड हे सुऱ्या-चमच्यांचं गाव. इथल्या सुरी कारागिरांचा संघ 1624 साली स्थापन झाला आणि आजही त्याचा दरवर्षी नवा प्रमुख निवडला जातो. आजी पंधराव्या वर्षी कारखान्यात लागल्या. फिरत्या चाकावर चमचे धरून घासून उजळायचे, हे त्यांचं काम. वाळू आणि तेलाचा काळा राडा अंगावर उडू नये म्हणून कमरेला नि पायांना कागद गुंडाळून उभं राहायचं. आजींसारख्या पोरींनी हातांनी उजळलेले चमचे जगभर गेले.

त्यांनी माझी बोटं धरून ती काट्यावर बसवली. मुठीचं टोक तळव्यात दडलेलं, तर्जनी काट्याच्या पाठीवर, दाते खाली. सुरीवरही तर्जनी मुठीच्या पुढच्या टोकाला. पेनासारखी धरायची नाही. मटार दात्यांवर टोचत बसायचे नाहीत, बटाट्याचा थोडा लगदा काट्याच्या पाठीवर घेऊन त्यात सुरीनं दाबून बसवायचे. अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीकडे कापून झाल्यावर काटा उजव्या हातात घेतात. इथे तो डावीकडेच राहतो. मासे खायची बोथट, रुंद सुरी दाखवत आजी म्हणाल्या, "पूर्वी पोलादाला लिंबू लागलं की पातं काळं पडायचं, म्हणून माशाला चांदीची सुरी." ती अडचण याच गावानं दूर केली. 1913 साली हॅरी ब्रिअर्ली इथे बंदुकीच्या नळ्यांसाठी न झिजणारं पोलाद शोधत होते, आणि हाती लागलं ते न गंजणारं. आपल्या घरातलं स्टीलचं ताट-वाटी हाताळताना मला आता त्यांची आठवण येते.

काटा मुळात इंग्रजांचाही नव्हे. टॉमस कोरिअट नावाच्या प्रवाशानं इटलीत तो पाहिला आणि 1611 साली त्याबद्दल लिहिलं: सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात, म्हणून इटलीतले लोक ताटातल्या मांसाला हात लावू देत नाहीत. काटा वापरतो म्हणून मित्रांनी त्याला चिडवायचं टोपणनाव दिलं. पुढे हा माणूस बराचसा प्रवास पायी करत हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीराच्या दरबारी पोचला आणि 1617 साली सुरतेत वारला. सुरतेला जाल तेव्हा त्याची आठवण काढा.

यंदा गणपतीत आजींना जेवायला बोलावलं. काटा-चमचा ठेवला होता, तो त्यांनी स्वतः बाजूला सारला आणि विचारलं, "तुमच्याकडे कसं?" मी सांगितलं, फक्त उजवा हात. त्यांनी डावा हात मांडीखाली सरकवला. पोळी एका हातानं तुटेना. मी त्यांची बोटं धरली: शेवटची दोन पोळी दाबायला, अंगठा नि तर्जनी तोडायला. तिसऱ्या खेपेला तुकडा सुटला. तो त्यांनी बटाट्याच्या भाजीला लावला आणि डावा हात न हलवता तोंडात घातला. मग मी डाव घेऊन पुढचा भात वाढला.