रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता

कोल्हापुरात पेपर हातात आला की घरातली थोरली माणसं आधी आतल्या पानावरच्या निधन वार्ता बघतात. तिथला मजकूर ठरलेला असतो. नाव, वय, ‘अल्पशा आजाराने निधन’, ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ आणि सगळ्यात शेवटी, ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता.’ वाचणाऱ्याला हवी असते ती हीच ओळ. माणूस गेल्याचं बहुधा आदल्या दिवशीच कळलेलं असतं, मातीला जाऊनही झालेलं असतं. आता ९ म्हणजे साडेआठला निघायचं, पंचगंगेवर गाडी कुठं लावायची आणि दुकान किती वाजता उघडायचं, एवढाच हिशेब उरतो.

‘मातीला जाणे’ हा आपल्याकडचा शब्दही बघण्यासारखा आहे. जाळायचं असो की पुरायचं, जायचं ते मातीलाच. त्यामुळं हा एकच शब्द सगळ्या जातिधर्मांना चालून जातो. वेगळेपण येतं ते नावाआधी. देवावर भरवसा असलेल्या सर्वसाधारण माणसाला ‘कै.’ लागतं, वारकऱ्याला ‘वै.’, बौद्धाला ‘कालकथित’, लिंगायताला ‘लिंगैक्य’, मुसलमानाला ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती माणसाला ‘ख्रिस्तवासी’. माणूस मेल्यावर कुठं गेला, याचं उत्तर प्रत्येक समाजानं असं एकेका शब्दात देऊन टाकलंय. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे २० फेब्रुवारी २०१५ ला गेले. त्याआधी चार दिवस त्यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या होत्या. त्यांच्या नावाआधी जिवंतपणी ‘कॉ.’ होतं, नंतरही ‘कॉ.’च राहिलं. पत्ता न बदललेली अशी माणसं थोडीच.

आता शेणीकडं येऊ. बाकी महाराष्ट्र गोवरी म्हणतो, आपण शेणी म्हणतो. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि तिथली चिता मुख्यतः शेणीची असते. नुसत्या लाकडाच्या चितेला ४-५ क्विंटल लाकूड लागतं. शेणीमुळं ते वाचतं. होळी जवळ आली की गल्लोगल्ली ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ असं आवाहन होतं आणि मंडळांची पोरं टेंपो भरून शेणी स्मशानात पोचवतात. बोंब मारून घरी जायच्या वयातली पोरं स्मशानात शेणी रचतायत, हे दृश्य भल्याभल्या कीर्तनापेक्षा मला जास्त धार्मिक वाटतं. पण ते असो.

शेणी थापणं सोपं दिसतं, तसं ते नाही. कोल्हापूर म्हशीचं गाव. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध मिळतं, तेव्हा शेणाला तोटा नाही. पण नुसतं शेण थापलं तर वाळताना तडकतं. म्हणून त्यात भुसा नाहीतर बारीक झालेली चगाळ मिसळून पायानं तुडवायची. चगाळ म्हणजे जनावरानं खाऊन उरलेली वैरण. गोळा दोन्ही हातांत घेऊन जमिनीवर थापायचा, कडा दाबून घ्यायच्या, जाडी बोटाच्या दोन पेरांएवढी. पातळ झाली तर उचलताना मोडते. जाड झाली तर वरून खडखडीत आणि आत ओली राहते. अशी शेणी हाताला फसवते, चितेवर मात उघडी पडते. दोन-तीन दिवसांनी उलटायची, मग दोन-दोन एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे वारा दोन्ही अंगांनी लागतो. ताज्या शेणात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. ते जायला कडक उन्हाचे आठ-दहा दिवस तरी हवेत. जमीन वाळूची असेल तर तळाला खडे चिकटतात आणि पुढं राखेत सापडतात. वाळलेल्या शेणींचा गोल हुडवा रचायचा, बाहेरून शेणानं लिंपायचा आणि वर उसाच्या पाल्याचं छप्पर घालायचं.

चितेतही रचण्याचंच महत्त्व. तळाला थोडं लाकूड, त्यावर शेणी, मग देह, मग पुन्हा शेणी. आडव्या थप्प्या लावल्या तर वारा खेळत नाही, नुसता धूर होतो. तिरक्या उभ्या, मध्ये फट ठेवून लावल्या की आग आत शिरते. नवखे नातेवाईक घाई करून रॉकेल ओततात. भडका मोठा होतो, वरची शेणी काळी पडते आणि पाच मिनिटांत सगळं शांत. कापूर आणि तूप आत, मध्यावर पेटवायचं असतं. शिवाय माणसाच्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पहिला बराच वेळ आग जाळत नसते, वाळवत असते. तो वेळ लाकडापेक्षा शेणी चांगला निभावते, कारण तिची ज्वाळा लहान असली तरी निखारा चिवट असतो.

या चिवटपणामुळंच तिसऱ्या दिवशी गोंधळ होतो. रक्षाविसर्जनाला लोक पांढरीशुभ्र गार राख बघून हात घालतात आणि आतला निखारा चटका देतो. आधी पाणी शिंपडायचं, वाफ निघून गेली की घमेल्यानं ओढायचं, आणि प्लॅस्टिकची पिशवी तर अजिबात आणायची नाही, ती तळातून वितळते. अस्थी आधी वेचून वेगळ्या करायच्या, मग राख भरायची.

त्या राखेचा हिशेब केला तर गंमत दिसते. मोठ्या माणसाच्या देहाचं आगीनंतर उरतं ते २-३ किलो, बहुतेक हाडांतला चुना नि स्फुरद. लाकूड १०० किलो जाळलं तर राख एक-दोन किलो. शेणी १०० किलो जाळली तर राख वीसेक किलो सहज. म्हणजे पोत्यात भरून ज्याला आपण डोळे पुसत हात जोडतो, त्यात आपला माणूस थोडा आणि म्हैस जास्त. कुणाला हे ऐकून वाईट वाटेल. मला तरी त्यात काही कमीपणा दिसत नाही. आयुष्यभर जिचं दूध प्यायलं, ती शेवटच्या पोत्यातही सोबत आली.

नंतर कावळा. नैवेद्यात भात, वडा, लाडू, शिवाय गेलेल्याच्या आवडीचं म्हणून मिसळ, चहा, पान, कधी तांबडा-पांढरा रस्सासुद्धा. सगळे गोल करून अंगावर उभे राहतात, मग कावळा येतो कुठला? वीस पावलं मागं सरकलं तर येतो. उशीर करूनही चालत नाही, कारण सकाळपासून पाच-सहा ठिकाणी जेवलेला घाटावरचा कावळा कुणाच्या अतृप्त इच्छेसाठी धावत येण्याच्या मनःस्थितीत नसतो. फारच खोळंबा झाला तर दर्भाचा कावळा करून शिवायची सोय शास्त्रानंच ठेवली आहे.

याच पंचगंगेवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी क्षत्रियांचे वेदोक्त नव्हे, शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते, आणि त्यातून वेदोक्ताचा वाद पेटला. राजाला कुठले मंत्र लागू होतात, हे दुसरं कुणी ठरवणार! महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत गेले. शंभर वर्षांनी, ६ मे २०२२ ला, सकाळी १० वाजता कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. एरवी सभांमध्ये ‘दोन मिनिटं’ म्हणून जाहीर झालेलं मौन चाळीस सेकंदांत ‘बसून घ्या’वर संपतं. १०० सेकंद घड्याळ लावून उभं राहून बघा, किती लांब असतात ते. फ्लेक्सवर गॉगल लावलेल्या फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं.

थोरांच्या मरणाची आग नेहमीच चितेपुरती राहते असंही नाही. १९४८ मध्ये गांधीजींच्या खुनानंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मरण दिल्लीत, राख कोल्हापुरात.

उलटंही घडलंय. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेची वारी करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये गेले. वय अवघं वीस. तिथं दहनाची रीत नव्हती, शेणी कुठली असणार. पण सोबतच्या माणसांनी संगम शोधला. आर्नो आणि मुन्योने या नद्या जिथं मिळतात, तिथं परवानगी काढून अंत्यसंस्कार झाले. पुढं १८७४ मध्ये त्या जागी छत्री आणि महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. जवळच्या पुलालाही इटालियन लोक ‘त्या भारतीयाचा पूल’ म्हणतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमाकाठची ही माणसं. परमुलखात मंत्र, सामान, भटजी यांतलं काय मिळालं नि काय नाही, कोण जाणे, पण दोन नद्या एकत्र येतात ती जागा मात्र त्यांना चुकली नाही.

पंचगंगेला आता एवढी राख सोसत नाही. जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात पसरतात किंवा खड्ड्यात घालून त्यावर झाड लावतात. जुन्या माणसांना पटत नसेल तर पंडित नेहरूंचं सांगावं. १९६४ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे मूठभर रक्षा गंगेत गेली आणि बरीचशी विमानातून शेतांवर. राखेत पालाश असतं, उसाला ते लागतं. एकाच जागी ढीग ओतू नये, एवढंच. जमीन खारावते आणि रोपाची मुळं जळतात. पातळ पसरून कुळवून घ्यावी.

सगळ्यात नड येते ती पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. महापुरात स्मशानभूमीच पाण्याखाली जाते आणि मातीला कसबा बावडा, कदमवाडी नाहीतर बापट कॅम्पला जावं लागतं. माणसांचं मरण काही पाणी ओसरायची वाट बघत नाही. मिरगानंतर नवी शेणी वाळत नाही, असलेली ओल धरते. म्हणून होळीला आलेल्या शेणी मे संपायच्या आत कोरड्या शेडमध्ये, भिंतीपासून हातभर अंतरावर आणि खाली फळ्या टाकून रचायला हव्यात. भिंतीला टेकलेली थप्पी आधी भिजते.