१७ आडव्याची फोड अखेर लागली

मागच्या नोंदीत मी नांदेडच्या कोडेकारांनी रचलेल्या ‘मराठवाडा विशेष’ या गूढ शब्दकोड्याच्या जाळ्याबद्दल लिहिले होते आणि १७ आडवे सोडून बाकी सारे भरले असल्याचे कळवले होते. नेमके सांगायचे तर उत्तर १७ आडव्याचेही भरलेले होते. अडली होती ती फोड, म्हणजे सूत्रातल्या शब्दखेळातून ते उत्तर कसे घडते याचा उलगडा. (गूढ कोड्याच्या सूत्रात उत्तराची व्याख्या असते आणि तेच उत्तर घडवणारा शब्दखेळही; कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा.) सूत्र असे होते: ‘फोडणीच्या खड्यामागे भिजलेली, तोच नर्सीचा जिल्हा (३)’. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी तीन अक्षरांचे जिल्हे चारच असून लातूर आणि जालना या जाळ्यात आधीच बसले होते. मधले ‘गो’ हे अक्षर उभ्या ‘गोदा’ने पक्के केले होते (‘गाय दानाच्या आरंभासह, ती दक्षिणगंगा (२)’, गो अधिक दा, यात अडण्यासारखे काही नाही). त्यामुळे ‘हिंगोली’ हे उत्तर निर्विवाद होते, पण व्याख्येच्या आधीचा सूत्राचा भाग काय सांगतो हे कळल्याशिवाय चौकट पेनाने भरायची नाही हा माझा दंडक मला सोडवेना.

अडलेल्या सूत्राकडे वळण्यापूर्वी या जाळ्यातली काही सूत्रे चाखून घ्यावीत अशी आहेत. ‘प्रत्येक पै ठणकावून घेणाऱ्याच्या पोटात नाथांचे गाव (३)’ यात ‘पै ठणकावून’च्या पोटातच पैठण दडले आहे आणि वाक्य वाचताना डोळ्यांसमोर एखादा चिक्कू सावकार उभा राहतो, गाव नाही. ‘पर्जन्याच्या आरंभी भरणी विस्कटली, कृषी विद्यापीठाचे शहर (४)’ हे तर मला संपूर्ण जाळ्यातले सर्वांत देखणे सूत्र वाटते. पर्जन्याचा आरंभ म्हणजे ‘प’, त्यापुढे ‘भरणी’ची अक्षरे विस्कटून ‘रभणी’, आणि १९७२ पासून कृषी विद्यापीठ असलेली परभणी तयार. ‘लागवडीच्या सुरुवातीला कडधान्य, तेच डाळमिलांचे शहर (३)’ हे लातूरचे सूत्र सोपे आहे, पण शहराला शोभणारे आहे. ‘तव्याचे ओतीव लोखंड, हाही जिल्हा (२)’ याची फोड बिडाचा तवा वापरणाऱ्या घरांत सांगावी लागणार नाही.

वेरूळच्या सूत्राबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. ‘रूपाच्या आरंभाला वेळ कवेत घेते, कैलास तिथेच (३)’ यात ‘वेळ’ या शब्दाच्या मध्ये ‘रू’ घालायचा आहे. कैलास म्हटल्यावर हिमालयाकडे धावणारे मन सोळाव्या लेण्याकडे वळवणे ही त्यातली गंमत खरीच, पण खरे कसब दुसरीकडे आहे. आपल्या भाषेत विभक्ती लागली की शब्दाचे सामान्यरूप होते, ‘वेळ’ची ‘वेळे’ होते, आणि मग ‘वेळेच्या आत रू’ असे लिहिले तर सोडवणाऱ्याच्या हाती ‘वेळ’ न येता ‘वेळे’ येते. कोडेकारांनी ‘वेळ’ला कर्ता करून ती अडचण टाळली आहे. इंग्रजीत नामाला असे सामान्यरूप नसल्याने तिकडच्या कोडेकाराच्या वाट्याला ही कसरत येत नाही.

आता १७ आडवे. मी प्रथम खडा म्हणजे खडे मीठ असे धरले आणि तिथेच बराच काळ रुतून बसलो. नंतर चौकडीच्या वहीत ‘हिं’ आणि ‘गोली’ असे दोन तुकडे करून पाहिले. ‘हिं’ हा हिंदीचा संक्षेप आणि ‘गोली’ हा हिंदी शब्द, असे काही असावे म्हणून शेजारी दुसरा रकाना आखला, पण भिजण्याशी गोळीचा संबंध काही केल्या जुळेना. ‘हिंगो’ आणि ‘ली’ ही जोडीही तशीच निरर्थक निघाली. (गणिताच्या वहीतल्या चौकटी या कामाला फार लहान पडतात, अनुस्वार वरच्या ओळीत घुसतो, मोठ्या चौकटींची, पहिलीच्या मुलांसाठी मिळणारी वही दीडपट किमतीची असली तरी तीच घ्यावी असे माझे आता ठाम मत झाले आहे.) ‘भिजलेली’ म्हणजे ‘ओली’ हे सुचत होते, पण जाळ्यात कुठेही ‘ओ’ ही चौकट नव्हती, आणि अक्षर फोडायचे नाही, चौकटीत ते अखंड बसते तसे उकलीतही अखंड राहते, हा तर आपणच सर्वांनी मान्य केलेला संकेत.

उलगडा झाला तो कोड्याच्या बाहेरून. तलाठी भरतीची तयारी करणारी माझी पुतणी संधीची उदाहरणे मोठ्याने पाठ करत होती: एक अधिक एक, एकेक; घर अधिक ई, घरी; हात अधिक ऊन, हातून; पररूप संधी. मी वहीत तिथल्या तिथे ‘हिंग + ओली’ असे लिहिले. फोडणीचा खडा म्हणजे हिंगाचा खडा, त्याच्यामागे ओली; ‘हिंग’चा शेवटचा अ लोपतो आणि ‘ओ’ ‘ग’ला चिकटून ‘गो’ होतो.

कोडे सुटले, पण वाद इथून सुरू होतो, कारण ही उकल न्याय्य आहे का हा प्रश्न उरतोच. संस्कृतच्या नियमाने अ आणि ओ मिळून औ होतो, जसे जल अधिक ओघ म्हणजे जलौघ, आणि त्या न्यायाने उत्तर ‘हिंगौली’ यायला हवे होते. पण मराठीच्या स्वतःच्या पररूप संधीत आधीचा स्वर लोपून पुढचा तसाच राहतो. म्हणून तर संस्कृतचे ‘एकैक’ असताना आपण ‘एकेक’ म्हणतो. ‘हिंग’ उच्चारताना आपण शेवटचा अ तरी कुठे पुरता उच्चारतो? इंग्रजी गूढ कोड्यांत ‘ॲफ्रिट’ या टोपणनावाने रचना करणाऱ्या कोडेकाराने १९४९ साली नियम घालून दिला होता, की माझ्या शब्दांचा वरवरचा अर्थ मला अभिप्रेत असलाच पाहिजे असे नाही, पण मला जे अभिप्रेत आहे ते माझ्या शब्दांत आलेच पाहिजे. या कसोटीवर १७ आडवे उतरते असे माझे मत आहे. खटकते ते एवढेच की संधी करायचा आहे याची कसलीही खूण सूत्रात नाही. ‘खड्याला बिलगून भिजलेली’ असे असते तर मी चकार शब्द काढला नसता.

यामुळे माझ्या पुढच्या जाळ्याचा आराखडा बदलला आहे. ते केवळ अखंड अक्षरांचे करायचे ठरवले होते; आता त्यात संधीची सूत्रे घालायची आणि प्रत्येकात ‘बिलगून’, ‘जुळून’, ‘मिसळून’ यांसारखी खूण ठेवायची असे ठरते आहे. जाळे मात्र स्प्रेडशीटमध्येच आखणार आहे. कोडी आखण्याचे एक सॉफ्टवेअर वापरून पाहिले, तर त्याने ‘हिंगोली’ला सात चौकटी दिल्या, कारण त्याच्या लेखी वेलांटी, अनुस्वार, मात्रा हे सारे सुटे वर्ण आहेत. त्यापेक्षा स्प्रेडशीटचा रकाना बरा, तो अक्षर अख्खे गिळतो.

ही नोंद लिहिता लिहिताच पहिले सूत्र सुचले: ‘पिसाला बिलगून कोंबडीचा ऐवज, धाराशिव जिल्ह्यातला भुईकोट (३)’. पर अधिक अंडा. पररूप केला तर ‘परंडा’ आणि दीर्घ संधी केला तर ‘परांडा’, आणि लोक गावाचे नाव दोन्ही प्रकारे लिहितात! म्हणजे मधली चौकट उभ्या शब्दाने छेदलीच पाहिजे, नाहीतर निम्मे लोक एक लिहितील आणि निम्मे दुसरे. ‘सारंगी’ तिथून उभी उतरते का ते पाहतो आहे, पण तिचा ‘गी’ खाली देवगिरीच्या ‘गि’वर येतो आणि ऱ्हस्वदीर्घ जुळत नाही, देवगिरी एक ओळ खाली सरकवली तर कदाचित जमेल. ‘अंडा’ हा आपल्या बाजूचा बोलीतला शब्द झाला, पुण्याकडचे सोडवणारे ‘अंडे’ धरून बसतील. सूत्रात ‘इकडच्या कोंबडीचा’ एवढा एक शब्द वाढवावा की नाही, यावर आपले मत कळवावे.