टाचेवरचा मेलॅनोमा आणि ३१ टक्क्यांचा घोटाळा

टाचेवरच्या त्या मेलॅनोमाची, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या गाठीची, ब्रेस्लो जाडी (गाठ कातडीत किती खोल गेली आहे त्याचं माप) ३.४ मिलिमीटर भरली, वर व्रणही होता. (जिथे व्रण असतो तिथे जाडी व्रणाच्या तळापासून मोजायची, तळपायाच्या कातडीवरचं जाड केराटिन, म्हणजे मृत थर, त्यात कधीच धरायचं नाही.) म्हणजे जाडी आणि व्रणावरून ठरणारी टी३बी ही पायरी, धोका मोठा. संगणकाने मात्र गाठीतल्या लिम्फोसाइटचं (गाठीशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचं) प्रमाण ३१ टक्के दाखवलं.

ही मोजणी येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडली. नेहमीची एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांनी रंगवलेली) स्लाइड स्कॅन करायची, क्यूपाथ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाठीची हद्द आखायची, आतल्या पेशी ओळखून घ्यायच्या आणि लिम्फोसाइटच्या संख्येला लिम्फोसाइट अधिक गाठीच्या पेशी यांच्या बेरजेने भागायचं. त्यांच्या अभ्यासात १६.६ टक्क्यांच्या वर असलेले रुग्ण जास्त जगले. त्या हिशेबाने ३१ हा दिलासा देणारा आकडा. पण मायक्रोस्कोपखाली मला याच गाठीत लिम्फोसाइट तुरळक दिसले होते.

म्हणून ओळखलेल्या पेशींच्या रेघा स्कॅनवर चढवल्या आणि ४०एक्सपर्यंत जवळ गेलो. डर्मिसमध्ये, म्हणजे कातडीच्या आतल्या थरात, मेलॅनोफेजचा (मेलॅनिन हे रंगद्रव्य गिळलेल्या पेशींचा) दाट पट्टा होता. रंगद्रव्याने गच्च भरलेल्या एकेका मेलॅनोफेजचे प्रोग्रामने तीन-तीन, चार-चार गोल तुकडे पाडले होते आणि प्रत्येक तुकड्यावर लिम्फोसाइटचा शिक्का. लिम्फोसाइटचं केंद्रक साधारण ७ मायक्रॉनचं, गोल, गडद. मेलॅनिनची गुठळीही तशीच दिसते.

क्यूपाथ हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकांवर चढणारा निळा रंग) आणि इओसिन (बाकीचा गुलाबी रंग) वेगळे काढून केंद्रकं शोधतो. विरळ मेलॅनिन तपकिरी असतं, ते थोडंफार वेगळं काढता येतं. दाट मेलॅनिन सगळाच प्रकाश गिळतं, तांबडासुद्धा, आणि तो सगळा काळेपणा हिमॅटॉक्सिलिनच्या खात्यात जमा होतो. आपल्याकडे मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावर येतो आणि गाठ काळीभोर असते. अशा स्लाइडवर ही चूक हमखास होते.

पहिला उपाय फसला. केंद्रकाचं किमान क्षेत्रफळ मूळच्या १० वरून २५ चौरस मायक्रॉन केलं, तेव्हा बारीक गुठळ्या गेल्या, पण कडेला कापले गेलेले खरे लिम्फोसाइटही गेले आणि मोठ्या गुठळ्या जागच्या जागी राहिल्या. मग क्षेत्रफळ पुन्हा १० केलं, मेलॅनिनचा रंग तिसरा घटक म्हणून नोंदवला आणि मेलॅनोफेजचा वेगळा वर्ग करून हाताने खुणा केल्या. आकडा १२ वर आला.

त्यावरही भरवसा ठेवायचा नव्हता. त्याच ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यातून) ४ मायक्रॉनचा पुढचा काप घेऊन ब्लीच केला, म्हणजे त्यातलं मेलॅनिन घालवलं: ०.२५ टक्के पोटॅशियम परमँगनेट, मग ५ टक्के ऑक्झॅलिक ॲसिड. परमँगनेटमध्ये जास्त वेळ राहिला तर काप काचेवरून सुटतो आणि नंतर हिमॅटॉक्सिलिन फिकं चढतं, म्हणून मधूनमधून काढून पाहावं लागतं. पुन्हा एच अँड ई, पुन्हा स्कॅन. काळा पट्टा गेला होता. त्याच्या जागी फिकट, मोठ्या पेशी आणि मध्ये विखुरलेले मोजके लिम्फोसाइट. आकडा ९.

१२ आणि ९ मधला फरक कापाचा की उरलेल्या गुठळ्यांचा, हे एका केसवरून ठरत नाही. दोन्ही १६.६ च्या खालीच. माझ्या अभ्यासाच्या तक्त्यात ३१ खोडून ९ लिहिलं, शेजारी ‘ब्लीच केलेला काप’ अशी नोंद केली. आधीच्या सगळ्या काळ्या गाठींच्या स्लाइड पुन्हा मोजायला काढल्या.