स्लॅबच्या आदल्या दिवशी सापडलेला पाइप

लातूरमध्ये घर बांधणारा माणूस खोल्यांच्या आधी पाण्याचा विचार करतो. ज्या शहराला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे गच्चीवर मोठी टाकी हवी असे कोणी म्हटले तर त्यात नवल नाही. औसा रोडच्या बाजूला एका प्राध्यापकांच्या घराच्या कामावर मी देखरेख करणारा अभियंता होतो आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी तिथे जे समोर आले, त्याची सुरुवात याच काळजीतून झाली होती.

काँक्रीट पडण्यापूर्वी सळई तपासताना नैऋत्येकडच्या खोलीवर, जाळीच्या मधोमध, पांढऱ्या पाइपचा एक तुकडा तारेने घट्ट बांधलेला दिसला. आत काँक्रीट जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला सिमेंटच्या गोणीचा तुकडा गुंडाळला होता. नकाशात त्या जागी पाइप नव्हता. प्लंबरने मिस्त्रीकडे बोट दाखवले, तर मिस्त्री म्हणाला, "मॅडमनी सांगितलं ना साहेब, पाच हजार लिटरची टाकी इथं बसवायची म्हणून." वास्तुशास्त्राच्या जाणकाराने त्यांना टाकी नैऋत्येला हवी असे सांगितले होते. त्यांनी ते मिस्त्रीला सांगितले, मिस्त्रीने प्लंबरला सांगितले आणि काम झाले. गुत्तेदाराच्या कानावर यातले काहीच नव्हते. प्राध्यापकांना वाटत होते की बायको साइटवर बोलली म्हणजे सगळ्यांना कळलेच असेल, आणि ज्या डिझायनरने सळईचा हिशेब केला होता त्यांच्यापर्यंत तर हा विषय गेलाच नव्हता.

मूळ नकाशात दोन हजार लिटरची टाकी जिन्यावरच्या खोलीवर, चार कॉलमच्या आधाराने होती. घराच्या गच्चीसाठी माणसांचा आणि सामानाचा भार साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो धरतात. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन, आणि अशा टाकीत ते सुमारे दोन मीटर उंच उभे राहिले तर तळाखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन हजार किलो येतात. खोलीच्या मधोमध, खाली बीम नसताना, हा भार त्या स्लॅबने कसा पेलला असता?

मी सगळ्यांना साइटवर बोलावून घेतले. गुत्तेदार चिडले होते आणि त्यांचे चिडणे मला रास्त वाटले, कारण काँक्रीटची गाडी सांगून ठेवलेली होती आणि मजूर येऊन थांबले होते. मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री हो म्हणाला, मग मी काय समजायचं?" तेही खरेच होते, मालकाच्या घरातल्या माणसाला नाही म्हणणे मिस्त्रीला जड जाते, आणि त्याच्या 'हो'मध्ये भाराचा हिशेब नसतो हे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नव्हते. मोलाचा प्रश्न विचारला तो प्राध्यापकांच्या वडिलांनी. ते मूळचे किल्लारीजवळच्या गावचे. "टाकी भरलेली असताना धक्का बसला तर?" ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे दगडमातीची जड घरे कशी बसली हे पाहिलेल्या माणसाला माथ्यावरच्या वजनाची भीती शिकवावी लागत नाही. भूकंपात वजन जितके जास्त आणि जितके उंचावर, तितका इमारतीला बसणारा हिसका मोठा, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या वेळच्या देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२च्या सुधारणेत तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला आणि आमच्या घराचा हिशेब त्याप्रमाणेच केलेला होता.

डिझायनरना तिथूनच फोन लावला. मोठा साठा अंगणातल्या हौदात ठेवावा आणि वर फक्त एक हजार लिटरची टाकी, नैऋत्येच्याच कोपऱ्यात, कॉलमच्या माथ्याजवळ बीमवर घ्यावी असे ठरले. त्या बीमची सळई वाढवून सुधारित नकाशा येईपर्यंत स्लॅब थांबवला. मधला पाइप मिस्त्रीने स्वतःच सोडवला.

पुढचे बोलणे साइटच्या वहीत लिहिले गेले. घरातल्या कोणीही काही सुचवले तर ते प्राध्यापकांनी मला किंवा गुत्तेदारांना सांगायचे, त्याचा खर्च आणि लागणारे दिवस लिहून मालक आणि गुत्तेदार दोघांच्या सह्या व्हायच्या, आणि त्यानंतरच मिस्त्रीच्या हाती नवा नकाशा जायचा. वाढीव सळईचे पैसे मालकांनी मान्य केले. मजुरांच्या खाड्यावरून मात्र बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी दोघांनी ती रक्कम निम्मी-निम्मी वाटून घेतली आणि तीही त्याच पानावर लिहिली.