तुम्ही विचारलंत म्हणून: न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये प्रचार का दिसत नाही?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की हा प्रश्न हमखास येतो. न्यू जर्सीत एडिसनला राहणारे नातेवाईक सांगतात, आमच्याकडे प्रचाराचा मागमूस नाही; बातम्यांत मात्र रोज सभा. या सभा होतात कुठे?

डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात. देशभरातली मतं एकत्र मोजून अमेरिकेत अध्यक्ष ठरत नाही. तो ठरतो राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर: एकूण ५३८, बहुमत २७०ला. मेन आणि नेब्रास्का सोडली तर राज्यात जो एका मताने का होईना पुढे, त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. न्यू जर्सीची १९९२पासून डेमोक्रॅट्सनाच जात आली आहेत, म्हणून तिथे कोणीच पैसा टाकत नाही.

२०२४मध्ये कुंपणावर, म्हणजे कोणत्याही पक्षाकडे झुकू शकतील अशी, सात राज्यं होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना, नेवाडा. सातही रिपब्लिकन ट्रम्प यांनी जिंकली. डेमोक्रॅट उमेदवार हॅरिस यांना २२६ इलेक्टोरल मतं मिळाली. त्यांत पहिल्या तिघांची १९, १५ आणि १० मिळवा: बरोबर २७०. या तीन राज्यांतली पिछाडी एकत्र केली तर सुमारे २ लाख ३० हजार मतांची, आणि देशात मतदान १५ कोटींच्या वर. सगळी शक्ती तिथे का ओततात, ते यावरून कळावं.

पण राज्य जिंकायचं म्हणजे त्यातली प्रत्येक काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) जिंकायची असं नाही. हरणाऱ्या भागात कमी फरकाने हरणं तितकंच मोलाचं असतं. फिलाडेल्फिया शहर डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला. रिपब्लिकन तिथे जिंकायला जात नाहीत, लीड तोडायला जातात. २०२४मध्ये ते लीड २०२०पेक्षा घटलं, आणि शेजारची बक्स काउंटी ट्रम्प यांनी काहीशे मतांनी घेतली.

जाहिरातींचा हिशोब वेगळा. मतदानाआधीचे ६० दिवस टीव्ही केंद्रांना उमेदवाराला सर्वांत कमी दर लावावा लागतो. बाहेरून मदत करणाऱ्या गटांना ही सवलत नाही, म्हणून त्यांच्या तेवढ्याच पैशात कमी जाहिराती बसतात. फिलाडेल्फियाची केंद्रं दक्षिण न्यू जर्सीतही दिसतात. तिथे पोचलेला पैसा वायाच जातो, पण त्याला इलाज नाही. एडिसन न्यूयॉर्कच्या केंद्रांखाली येतं, म्हणून तिथे एवढंही दिसत नाही.

हाता-तोंडाशी आलेली मतं जातात ती टपालात. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात आणि मग बाहेरच्या पाकिटात घालायची असते. आतलं पाकीट विसरलं की मत बाद. शिवाय मतदानाच्या दिवशी रात्री ८पर्यंत ते निवडणूक कार्यालयात पोचायला हवं, नुसता टपालाचा शिक्का चालत नाही. दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी भाषण कमी करून हे दोन मुद्दे घोकून घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

कुंपणावरची राज्यं कायमची तीच राहत नाहीत. फ्लोरिडात २०००मध्ये ५३७ मतांनी निकाल लागला. २०२४मध्ये ट्रम्प तिथे १३ टक्क्यांनी पुढे होते. ओहायोही ओबामांनी दोनदा जिंकलं आणि नंतर डेमोक्रॅट्सच्या हातून गेलं. उलट अटलांटाच्या उपनगरांनी जॉर्जियाला चुरशीत आणलं. खुद्द न्यू जर्सीत डेमोक्रॅट्सची आघाडी २०२०मध्ये जवळपास १६ टक्के होती, २०२४मध्ये ती सुमारे ६वर आली. इलेक्टोरल मतांची वाटणीही दर दहा वर्षांनी जनगणनेवरून बदलते. २०२०च्या जनगणनेने पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगनचं एकेक मत काढून घेतलं. पुढची जनगणना २०३०ला आहे.