लहान ताट मागताना

सातारा, रविवार

मोठ्या माणसाला हॉटेलात कमी जेवायचं असेल तर नेमकं काय मागावं, हा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. साठी ओलांडलेले, साखरेच्या गोळ्या चालू असलेले, पोटाची शस्त्रक्रिया झालेले, रात्री हलकं खाणारे असे सगळेच विचारतात. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही भूक कमी करणारी इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून त्यात चाळिशीतल्या माणसांची भर पडली आहे. या कुणालाही चवीत तडजोड नको आहे. मटण तेच हवं, रस्सा तोच हवा, ताट लहान हवं. आणि सातारा, कराड, सांगलीच्या पट्ट्यात हे मागताना माणूस लाजतो, म्हणून आज हे सविस्तर लिहून ठेवतो.

अर्धं मागायची आपल्याला सवय नाही असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. चहा कटिंग मिळतो, सूप वन बाय टू मिळतं, उसाचा रस हाफ-फुल मिळतो, तंदुरी कोंबडी अर्धी मिळते. महिन्याचा डबा लावणाऱ्यांना हाफ डबा आणि फुल डबा वेगळा समजवावा लागत नाही: हाफमध्ये चपात्या आणि भाजी, फुलमध्ये त्याबरोबर आमटी-भात. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला राहणारी कॉलेजची पोरं, मिरजेत दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेले नातेवाईक, सगळे असे डबे घेतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. घोडं अडतं ते थाळीपाशी.

थाळीचं माप कष्टकरी माणसाच्या भुकेवर बेतलेलं आहे आणि ते तसं असणं चुकीचं नाही. दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्याला दोन भाकऱ्या आणि वर भात लागतोच. पण तीच थाळी बँकेतल्या किंवा निवृत्त माणसापुढे आली की हिशोब बिघडतो. हॉटेलातली ज्वारीची भाकरी साधारण 80 ते 100 ग्रॅम पिठाची असते, म्हणजे एका भाकरीत 280 ते 340 उष्मांक. अशा दोन भाकऱ्या आणि 250 ग्रॅम शिजलेला भात धरला तर कमीत कमी 880 उष्मांक झाले, आणि यात अजून मटण, अंडं, रस्सा काहीच मोजलेलं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने बैठं काम करणाऱ्या 55 किलो वजनाच्या बाईला पूर्ण दिवसात 1660 उष्मांक पुरतात, 65 किलोच्या पुरुषाला 2110. म्हणजे नुसत्या भाकरी-भातातच बाईचा अर्ध्याहून जास्त दिवस संपला.

तेलाचं गणित तर याहून सोपं. तांबड्या रश्श्याच्या वाटीवर दोन मोठे चमचे तवंग असेल तर ते 30 मिली तेल, जवळजवळ 250 उष्मांक. त्याच संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात 2000 उष्मांकांच्या पूर्ण दिवसाला तेल-तूप धरलंय 27 ग्रॅम. एका वाटीत दिवसाचं तेल संपतं. म्हणून ‘रस्सा कमी’ म्हणण्यापेक्षा ‘तवंग बाजूला सारून खालचा रस्सा द्या’ असं सांगावं. वाढप्याला ते लगेच कळतं, कारण पातेल्यात डाव खालून घालायचा की वरून, एवढाच तो फरक आहे.

आणि समोर आलेलं पोटात जातंच. अमेरिकेत आहारावर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स यांच्या गटाने मोठ्या माणसांना मॅकरोनी-चीज वेगवेगळ्या मापांनी वाढून पाहिलं. 2002 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 500 ग्रॅमऐवजी 1000 ग्रॅम वाढल्यावर माणसं 30 टक्के जास्त खाऊन उठली, आणि पोट भरल्याचं मात्र दोन्ही वेळा सारखंच सांगितलं. आपल्याकडे त्यात पानात टाकायचं नाही ही शिकवण. ती चांगलीच आहे, मलाही ती मोडावीशी वाटत नाही. पण मग पानात येतानाच कमी यायला हवं.

अमर्यादित थाळीबद्दल माझं मत पक्कं आहे: कमी जेवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तिचा दर सरासरी जेवणाऱ्यावर काढलेला असतो. सहा चपात्या खाणाऱ्याचे पैसे दोन चपात्या खाणारा भरतो, त्यावरच ती चालते. शिवाय तिथे पार्सल देत नाहीत आणि एका थाळीत दोघांना बसू देत नाहीत. हे दोन्ही नियम रास्त आहेत, नाहीतर तो धंदा चालणारच नाही. तिथे भांडण्यापेक्षा मर्यादित थाळी किंवा सुटी भाजी-भाकरी घेतलेली बरी.

आता दराचं. लोकांची अपेक्षा असते की अर्ध्या भाजीला अर्धे पैसे. ते परवडत नाही आणि का परवडत नाही हे गिऱ्हाइकाने समजून घ्यायला हवं. 200 रुपयांच्या भाजीत कच्चा माल 65 रुपयांचा धरा. उरलेल्या 135 मध्ये आचारी, वाढपी, भाडं, 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर, वीज, भांडी घासण्याची मजुरी आणि मालकाचा नफा. भाजी निम्मी केली तर वाचतात बत्तीस-तेहतीस रुपये. गॅस जवळजवळ तेवढाच जळतो, टेबल तेवढाच वेळ अडतं. म्हणून पूर्ण दराच्या 60 ते 65 टक्के, म्हणजे 200 च्या भाजीला 120 ते 130, हा दोघांनाही न्याय देणारा दर आहे. माप निम्मं आणि दर 80 टक्के असेल तर ती अर्धी प्लेट नव्हे, तिथे सरळ पूर्ण घेऊन उरलेलं पार्सल करावं.

हॉटेलवाल्यांनी मात्र एक आकडेमोड जरूर करून बघावी. कमी खाणारी दोन माणसं आज काय करतात? एक भाजी मागवून वाटून घेतात. मालकाच्या हाती 200 वजा 65, म्हणजे 135 रुपये उरतात. त्याच दोघांना 125 रुपये दराने दोन वेगवेगळ्या अर्ध्या भाज्या मिळाल्या तर 250 वजा 65, म्हणजे 185 उरतात. गिऱ्हाईक खूश, कारण त्याने एका बैठकीत दोन चवी चाखल्या. अर्धी प्लेट म्हणजे तोटा, ही समजूत गल्ल्यावर बसून कुणी तपासलेलीच नसते.

पदार्थ कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. अख्खा मसूर अर्धा करायला सर्वांत सोपा. तो आधीच शिजवून ठेवलेला असतो, ऑर्डर आली की कांदा-लसणाच्या फोडणीत परतून देतात. 40 ग्रॅम कोरड्या मसुरात जवळजवळ 10 ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे अर्धी प्लेट मसूर, एक भाकरी आणि कांदा हे हलकं असूनही नीट जेवण होतं. आमटी, पिठलं, रस्सा, भात हे सगळं पातेल्यातून येतं, तिथे अडचण नाहीच. दम बिर्याणी हंडीतून काढतात. तिथे भात अर्धा करता येतो पण पीस अर्धा करता येत नाही, म्हणून हाफमध्ये किती पीस येतील हे आधी विचारून घ्यावं.

खरी अडचण पनीर मसाला, काजू करी अशा एकेक प्लेट परतून करायच्या भाज्यांत येते. ग्रेव्ही तयार असते, पण वस्तादाचा हात पूर्ण प्लेटला बसलेला असतो. अर्धी सांगितली की ग्रेव्ही आणि पनीर निम्मं पडतं, तेल आणि तिखट मात्र नेहमीचंच. मग भाजीवर तेल तरंगतं, मीठ चढतं. मोठ्या कढईत थोडी ग्रेव्ही भराभर आटते आणि बुडाला धरते, ते वेगळंच. उपाय दोन: अर्ध्या प्लेटला छोटं पॅन वेगळं ठेवायचं, किंवा एकाच भाजीच्या दोन अर्ध्या ऑर्डरी एकत्र करून वाढताना वाटायच्या. गर्दीच्या वेळी दुसरा उपाय जमत नाही, म्हणून रविवारी दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान अर्धी परतलेली भाजी मागूच नये. पातेल्यातलं काही मागावं.

मिसळीत पाव मोजून मागवावेत. तिथे जास्त जातं ते रश्श्यामुळे: वरचा रस्सा मागेल तितका मिळतो, रस्सा उरला म्हणून तिसरा पाव येतो, पाव उरला म्हणून पुन्हा रस्सा.

मटण थाळीत काय कमी करायचं याबद्दल आग्रहाने सांगावंसं वाटतं. बहुतेक जण मटण कमी करतात आणि भाकरी-भात तसाच ठेवतात, कारण मटण महाग आणि जड वाटतं. वय झालेल्या माणसाने याच्या उलट करावं. साठीनंतर स्नायू झडत असतात, त्यांना प्रथिनं लागतात. सुकं मटण, अंडं, दही ताटात राहू द्यावं. भात सोडावा, भाकरी एक करावी, तवंग सारावा. थाळी तीच, दर तोच, पण पोटावरचा भार जवळजवळ निम्मा होतो.

मागण्याची रीतही महत्त्वाची. ‘थोडं कमी द्या’ या वाक्याला स्वयंपाकघरात काही अर्थ नाही. वाटी आणि नग सांगावेत: ‘अर्धी वाटी भात, एक भाकरी, दुसरी लागली तर सांगतो.’ भाकरी तव्यावरून गरम येते, त्यामुळे एकेक मागवण्यात काही बिघडत नाही, उलट शेवटचा घास ताजा मिळतो. अर्धी प्लेट हवी असेल तर ऑर्डर लिहून घेण्याआधी विचारावं, आणि लिहून झाल्यावर चिठ्ठीवर ‘हाफ’ आलंय का ते बघावं. बऱ्याच ठिकाणी बिलाच्या संगणकात अर्ध्या प्लेटचा कोडच नसतो. वाढप्याने तोंडी हो म्हटलेलं असतं, चिठ्ठी मात्र पूर्ण प्लेटची निघते. मग एकतर पूर्ण भाजी येते किंवा अर्धी भाजी येऊन बिल पूर्ण लागतं. यात वाढप्यावर चिडून उपयोग नाही, कोड घालणं मालकाच्या हातात असतं. आग्रहाने वाढणाऱ्याला ताटावर हात आडवा धरला की पुरतं. त्यात त्याचा अपमान होत नाही.

सरकारने माप ठरवून द्यावं का? 2017 मध्ये तेव्हाचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांतल्या मापाचा विषय काढला होता. त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी ते ऐच्छिकच ठेवलं गेलं. मला तेच योग्य वाटतं. मेनूकार्डावर उष्मांक आणि वाढपाचं माप छापण्याचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, पण तो केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना. महामार्गावरच्या ढाब्याला तो लागू नाही. तरी ग्रॅममध्ये मोजलेलं ताट महाराष्ट्राला अनोळखी नाही. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली शिवभोजन थाळी बघा: प्रत्येकी 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. हलकं जेवणाऱ्या माणसाला हे माप एका वेळेला जवळजवळ बरोबर बसतं. मध्यम हॉटेलाने हेच माप धरून चांगल्या भाजीची एक लहान थाळी काढली, ‘लहान थाळी’ असं फळ्यावर ठळक लिहिलं आणि ती लहान ताटात, 100 मिलीच्या वाट्यांतून वाढली, तर मागणाऱ्याला लाजावं लागणार नाही. लहान ताट मुद्दाम म्हणतोय. मोठ्या ताटात तेच माप फसवल्यासारखं दिसतं आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

जिथे काहीच जमत नाही तिथे डबा. घरचा स्टीलचा डबा सोबत न्यावा, 400 मिलीचा एक आणि 250 मिलीचा एक, घट्ट झाकणाचे. गरम रस्सा पातळ पिशवीत घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पदार्थ टेबलावर आल्या आल्या, पहिला घास घ्यायच्या आधी, स्वच्छ चमच्याने निम्मं डब्यात काढावं. मग ते उष्टं होत नाही, घरी कुणालाही देता येतं. जेवून झाल्यावर उरलेलं भरलं तर ते आपल्यालाच खावं लागतं आणि लवकर आंबतं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये; एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात तर एकच तास. भाताला जास्त जपावं. त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, म्हणून भात डब्यात घेण्यापेक्षा मागवूच नये. रस्सा, मसूर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खळखळ उकळून खावा. सांगलीहून पुण्याला निघालेल्याने डबा भरूच नये, वाटेत चार तास जातात.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी एक गोष्ट डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावी. जेवण निम्मं आणि डोस पूर्ण असं झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं. हॉटेलात जेवण कधी येईल आणि किती येईल हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे जेवणाआधीचं इन्सुलिन घरून घेऊन निघू नये. ताट समोर आल्यावर घ्यावं, किती घ्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलं असावं. खिशात साखरेच्या चार पुड्या ठेवाव्यात. असं काही जाणवलं की तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासायची, आणि त्यानंतर भाकरी-मसूर खायचं, अर्धं का असेना.